विणलेली भेट : एका घरगुती दानाचा इतिहास

१

मराठीत 'विणणे' या क्रियापदाचा व्याप मोठा आहे. मागावर वस्त्र विणले जाते, बाज विणली जाते, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळे विणतो आणि दोन सुयांवर लोकरीचा गळपट्टाही विणलाच जातो. इंग्रजीत मागावरच्या आणि सुयांवरच्या विणण्याला दोन वेगळी क्रियापदे आहेत. मराठीने तसा भेद केला नाही, कारण सुयांवरचे विणकाम आपल्याकडे उशिरा आले आणि आल्यावर जुन्या क्रियापदाच्या वळचणीला निमूटपणे राहिले. वस्तुतः या दोन कृतींत मूलभूत अंतर आहे. मागाला उभा आणि आडवा असे दोन धागे लागतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासातून स्वतःला ओवीत पुढे जातो. म्हणूनच मागावरचे कापड कोणाच्याही अंगासाठी कापता येते. विणलेला मोजा मात्र पहिल्या टाक्यापासून कोणाच्या तरी पायासाठी असतो. तो ताणतो, अंगाचा आकार घेतो, आणि टोकाचा धागा ओढला तर पुन्हा नुसता धागा होतो.

सणासुदीला आप्तेष्टांना देण्यासाठी अशा वस्तू हातांनी विणण्याची प्रथा जगाच्या थंड प्रदेशांत सर्वपरिचित आहे. नाताळच्या आधीचे दोन महिने युरोप-अमेरिकेतील कितीतरी घरांत सुया थांबत नाहीत. या प्रथेकडे इतिहासाने फारसे पाहिले नाही, त्याला एक साधे कारण आहे. भेट वापरली गेली की झिजते आणि झिजली की टाकून दिली जाते. ग्रंथालयात पत्रे राहतात. पत्राबरोबर आलेला गळपट्टा राहत नाही. शिवाय अशी भेट 'प्रेमाने' दिलेली असते, आणि प्रेमाचा हिशेब ठेवू नये असा संकेत आहे. हा संकेत कोठून आला आणि त्याने काय झाकले गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विणकाम हे मूलतः मोजण्याचे काम आहे. टाके मोजल्याशिवाय एक ओळ पुरी होत नाही. असे असताना विणणारीचा वेळ मात्र क्वचितच कोणी मोजला. विणलेल्या भेटीचा इतिहास या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत घडलेला आहे.

२

सुयांवर विणलेल्या ज्या जुन्या वस्तू आज उपलब्ध आहेत त्यांत इजिप्तमध्ये सापडलेले, निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे महत्त्वाचे मानले जातात. त्यांचा काळ स्थूलमानाने अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचा. तेथून ही कला भूमध्यसमुद्राच्या काठाने युरोपात गेली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकाच्या मध्यास इटलीतील चित्रकारांनी विणकाम करणारी मेरी रंगवलेली आढळते. या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध चित्र मास्टर बर्ट्राम या जर्मन चित्रकाराच्या नावाशी निगडित आहे. बुक्सटेहूड येथील मठाच्या वेदीसाठी इ. स. १४००च्या सुमारास ते रंगवले गेले आणि आता ते हँबर्गच्या कलासंग्रहालयात आहे.

चित्रात मेरी चार सुयांवर, गोलाकार पद्धतीने, बिनशिवणीचा एक अंगरखा विणीत बसली आहे. तो गळ्याशी आला आहे; काम संपत आले आहे. पायाशी बाळ येशू आहे, आणि एका बाजूने देवदूत क्रूस, भाला आणि काट्यांचा मुकुट घेऊन येत आहेत. ख्रिस्ताच्या अंगावरचे वस्त्र बिनशिवणीचे होते आणि क्रुसाच्या पायथ्याशी सैनिकांनी त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, असा योहानाच्या शुभवर्तमानात उल्लेख आहे. ते वस्त्र आईने विणले होते आणि मुलाबरोबर तेही वाढत गेले, अशी लोकश्रद्धा पुढे रूढ झाली. चित्रकाराने ही दोन टोके एका चौकटीत आणली. आई मुलासाठी विणते आहे, आणि ज्या दिवशी ते वस्त्र काढून घेतले जाईल तो दिवस दाराशी येऊन उभा आहे. विणलेल्या भेटीचे जे रूप पुढील साहित्यात वारंवार भेटते, विशिष्ट देहासाठी केलेली आणि त्या देहाच्या नाशाची छाया पडलेली वस्तू, ते येथेच पूर्णत्वाने दिसते.

३

चित्रातील मेरी पैशासाठी विणीत नाही. प्रत्यक्षातील विणणाऱ्या बहुतांशी पैशासाठीच विणीत होत्या, हे विसरून चालणार नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये विणलेल्या लांब मोज्यांना मोठी मागणी आली आणि गरीब कुटुंबांना उत्पन्नाचे एक साधन मिळाले. नॉटिंगहॅमजवळील कॅल्व्हर्टनच्या विल्यम लीने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. त्याविषयीची आख्यायिका अशी की, त्याची प्रेयसी भेटीच्या वेळीही विणकामातून डोके वर काढीत नसे, त्या रागातून हे यंत्र जन्माला आले. आख्यायिका खरी मानण्याचे कारण नाही. पण ती काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. विणणारी स्त्री जवळ बसलेली असूनही दुसरीकडे असते, तिचे मन कोणत्यातरी मोजणीत गुंतलेले असते, ही पुरुषाची जुनी तक्रार तीत आहे. ती पोटासाठी विणीत असेल, ही शक्यता मात्र आख्यायिका रचणाऱ्याला सुचलेली नाही.

यॉर्कशरच्या डोंगराळ खोऱ्यांत, विशेषतः डेंट गावात, स्त्री, पुरुष, मुले सगळीच विणीत असत. रॉबर्ट साउदीने डेंटच्या या झपाट्याने विणणाऱ्यांची आठवण आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. पुढे हाविट दांपत्याने त्यांच्या संध्याकाळच्या बैठकांचे वर्णन केले : एका रात्री एका घरी, दुसऱ्या रात्री दुसऱ्या घरी, म्हणजे सरपण आणि दिवा वाचतो, गोष्टी सांगत, गाणी म्हणत सुया चालू. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना या बैठका परक्या वाटणार नाहीत. या प्रदेशात भेटीची दिशा मात्र उलटी होती. एक सुई आधाराला टेकवून एका हाताने वेगाने विणता यावे म्हणून कमरेच्या पट्ट्यात खोवायची एक कोरीव लाकडी नळी असे. तरुण मुले ती आपल्या हाताने कोरून प्रिय मुलीला देत. तिच्यावर हृदयाची आकृती, आद्याक्षरे, कधी सालही असे. विणलेला मोजा बाजारात जाई, आणि प्रेमाची भेट म्हणून मिळे ते अधिक वेगाने काम करण्याचे हत्यार.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचा इतिहास याहून बोलका आहे. तेथील लोकरीची शाल इतकी तलम की ती अंगठीतून पार होते, अशी कीर्ती होती. ढाक्याच्या मलमलीविषयी आपण जे ऐकत आलो तेच येथे लोकरीविषयी सांगितले जाई. शेटलंडचा सुपुत्र आर्थर अँडरसन याने १८३७ साली व्हिक्टोरिया राणीला तेथील तलम मोजे भेट दिले आणि या मालाला उच्चभ्रू ग्राहक मिळाला. हा अँडरसन म्हणजे 'पी. अँड ओ.' या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मुंबई बंदरात पुढे कित्येक दशके विलायतेची टपाल आणणाऱ्या बोटी याच कंपनीच्या. राणीला दिलेली भेट हा व्यापाराचा आरंभ होता.

त्या शाली विणणाऱ्यांना काय मिळत होते? १८७२ साली सरकारी चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. विल्यम गथ्री या आयुक्तापुढे बेटांवरील स्त्रियांनी साक्षी दिल्या. व्यापारी त्यांना रोख पैसे देत नसत. चहा, कापड असा दुकानातला माल देत. घरात पीठ नसले तर तो चहा शेजारीपाजारी बदलून पीठ मिळवावे लागे. साहित्याच्या अभ्यासकाने या साक्षी अवश्य वाचाव्यात. नाव, गाव, माल, किंमत एवढ्याच सामग्रीतून त्यांत एकेक आयुष्य उभे राहते. ज्या काळी लंडनच्या दिवाणखान्यांत विणकाम हा प्रेमाचा उद्गार मानला जात होता, त्याच काळी शेटलंडमध्ये त्याची ही अवस्था होती.

४

बाजार आणि प्रेम यांच्याखेरीज तिसरी एक व्यवस्था आहे, ती विधीची. बाल्टिक समुद्रकाठच्या लॅटव्हियात मुलगी लहानपणापासून हातमोजे विणून आपल्या पेटीत साठवीत असे. लग्नाच्या दिवशी ते वाटले जात : सासूला, सासऱ्याला, दिराला, नणंदेला, वऱ्हाडातल्या मानकऱ्यांना. एवढ्यावर दान थांबत नसे. नव्या घराची चूल, गोठा, विहीर यांच्यापाशीही नववधू एखादा जोड किंवा विणलेला पट्टा ठेवी. संपन्न शेतकऱ्याच्या घरी जाणाऱ्या मुलीला शंभराच्या घरात जोड विणावे लागत. प्रत्येक प्रदेशाची नक्षी वेगळी. तिच्यावरून मुलगी कोठली ते कळे, आणि टाक्यांच्या सफाईवरून सासर तिची पारख करी.

हे वाचताना मराठी वाचकाला रुखवताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. रुखवत मूळचे फराळाचे. पुढे विसाव्या शतकात त्याच्या मांडणीत क्रोशाची तोरणे, भरतकामाचे रुमाल, लोकरीची आसने, मण्यांची चित्रे येऊन बसली. 'हे सगळे मुलीने स्वतः केले आहे' हे वाक्य त्या मांडणीचा अविभाज्य भाग झाले. दोन्हीकडे भेट आणि परीक्षा एकाच ताटात वाढलेली आहेत. देणारीला न देण्याचे स्वातंत्र्य नाही; तरीही नक्षी निवडण्यात, रंग जुळवण्यात तिला स्वतःचे असे काही मांडण्याची जागा मिळते. अशा दानाला केवळ जुलूम म्हणणे अपुरे, केवळ कला म्हणणे त्याहून अपुरे.

हे काम स्त्रियांचेच असा निसर्गनियम नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. पेरू देशात टिटिकाका सरोवरातील ताकिले बेटावर सुयांचे विणकाम पुरुष करतात. मुलगे लहानपणीच शिकतात, आणि तरुणाने स्वतः विणलेल्या टोपीच्या घट्ट विणीवरून त्याची लग्नाची योग्यता ठरवली जाते. स्त्रिया मागावर पट्टे विणून नवऱ्याला देतात. या परंपरेला युनेस्कोने २००५ साली मान्यता दिली. परीक्षा तेथेही आहे. ती मुलाची आहे एवढेच.

लॅटव्हियातील प्रथेचा उत्तररंगही उल्लेखनीय आहे. २००६ साली रिगा येथे नाटो राष्ट्रांची शिखर परिषद भरली तेव्हा पाहुण्यांना देण्यासाठी देशभरच्या विणणाऱ्यांकडून सुमारे साडेचार हजार हातमोज्यांचे जोड करून घेण्यात आले. नववधू सासरच्यांना देई ते दान एका लहान राष्ट्राने नव्या लष्करी सोयऱ्यांना दिले. रूपक म्हणून ते अचूक होते.

५

आज आपण जिला 'हाताने विणलेली नाताळची भेट' म्हणून ओळखतो ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आली. यंत्रांनी मोजे स्वस्त केले, त्यामुळे मध्यमवर्गीय घरात ते विणण्याची निकड उरली नाही; आणि निकड संपली तेव्हाच विणणे हा भावनेचा उद्गार होऊ शकला. विणकामाचे नमुने सांगणारी पुस्तके १८४०च्या आगेमागे मोठ्या संख्येने निघू लागली. एडिंबरोच्या जेन गोगेन यांचे पुस्तक १८४०चे. मिस लॅम्बर्ट यांचे विणकामाचे पुस्तक १८४३चे, म्हणजे ज्या वर्षी डिकन्सची नाताळची प्रसिद्ध कथा निघाली त्याच वर्षीचे. अमेरिकेत 'गोडीज् लेडीज् बुक' या मासिकाने घरी करावयाच्या भेटवस्तूंचे नमुने घरोघर पोचवले. नववर्षाच्या भेटी हळूहळू नाताळकडे सरकल्या, आणि शरदातील विणकामाला पंचवीस डिसेंबर ही मुदत मिळाली.

या नव्या भावनेकडे थॅकरेने तिरकस नजरेने पाहिले. 'व्हॅनिटी फेअर'मध्ये (१८४७-४८) बेकी शार्प हिरव्या रेशमाची एक थैली विणते आहे, आणि ज्याला ती गळाला लावू पाहते तो जोसेफ सेडली हिंदुस्थानात कंपनी सरकारचा कलेक्टर आहे. रेशमाची लड उलगडण्याच्या निमित्ताने बेकी ती त्याच्या दोन्ही हातांभोवती गुंडाळून त्याला समोर बसवते. हिंदुस्थानच्या एका जिल्ह्यावर हुकूम चालवणारा हा अधिकारी एका निर्धन मुलीच्या धाग्यात जखडून बसला आहे. बेकीजवळ हुंडा नाही, आईबाप नाहीत. जे आहे ते एवढेच कौशल्य. थैलीचे दान हा तिचा सौदा आहे. थॅकरे तिला हसतो, पण ज्या समाजाने तिला दुसरे भांडवल दिले नाही त्यालाही सोडीत नाही.

लुइसा मे ऑल्कटच्या 'लिट्ल विमेन'चा (१८६८) सूर वेगळा आहे. कादंबरीचा आरंभच भेटींवाचून येणाऱ्या नाताळने होतो. वडील यादवी युद्धात गेलेले, बाहेर बर्फ पडते आहे, आणि चारही बहिणी विणीत बसल्या आहेत. जोच्या हातात सैनिकासाठीचा निळा मोजा आहे, आणि तिचे मन त्यात मुळीच नाही. तिला रणांगणावर जायचे आहे. पुढील अर्धशतकात जे मोठ्या प्रमाणावर घडणार होते त्याचे बीज या दृश्यात आहे. सुया घराच्या माणसाकडून अनोळखी सैनिकाकडे वळल्या आहेत.

६

१९१४च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. लवकरच लॉर्ड किचनेर यांच्या मागणीवरून राणी मेरी यांनी ब्रिटनच्या स्त्रियांना आवाहन केले : हिवाळ्यापूर्वी आघाडीवर पाठवण्यासाठी तीन लक्ष मोजांचे जोड आणि तितकेच लोकरी कमरपट्टे हवेत. प्रतिसाद अभूतपूर्व होता. ट्राममध्ये, सभेत, प्रार्थनामंदिरात सुया चालू लागल्या. कोणत्या पायात जाणार हे ठाऊक नसलेला मोजा विणणे, ही विणकामाच्या मूळ स्वभावाविरुद्ध गोष्ट. म्हणूनच कित्येकींनी मोज्याच्या आत चिठ्ठी ठेवली, आणि कधीकधी खंदकातून उत्तरही आले. माप ठाऊक नसेल तर निदान नाव तरी ठाऊक असावे, अशी ती धडपड होती.

या उदार लाटेची दुसरी बाजू त्याच महिन्यात एका स्त्रीने दाखवून दिली. स्त्री-कामगारांच्या संघटक मेरी मॅकार्थर यांनी विचारले की, सुखवस्तू स्त्रिया फुकट शिवू-विणू लागल्या तर ज्या त्यावर पोट भरतात त्यांनी काय करावे? युद्धाच्या पहिल्या धक्क्यातच हजारो कामगार स्त्रिया बेकार झाल्या होत्या. प्रश्न राणीपर्यंत पोचला आणि राणीने तो समजून घेतला. बेकार स्त्रियांना मजुरीचे काम मिळावे यासाठी समिती नेमली गेली, राणीच्या नावाने निधी उभा राहिला, आणि मॅकार्थर त्या समितीच्या चिटणीस झाल्या. एकीची भेट दुसरीची मजुरी हिरावू शकते, हे सत्य विणकामाच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे क्वचितच बोलले गेले असेल.

आपल्या देशात अशी लाट १९६२ साली आली. २० ऑक्टोबरला चीनचे आक्रमण सुरू झाले. दिवाळी त्याच आठवड्याअखेरीस होती. ईशान्य सीमेवर बर्फाळ उंचीवर लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत, हे कळताच देशभर शाळांतून, महिला मंडळांतून, घराघरांतून स्वेटर आणि मोजे विणले जाऊ लागले. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, ही उक्ती महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाली. कोकणासारख्या प्रदेशात, जेथे लोकरीचे कपडे क्वचितच लागतात, तेथेही त्या दिवसांत लोकरीला मागणी आली असल्यास नवल नाही. त्या विणकामात उत्कट देशप्रेम होते यात शंका नाही. तरीही इतिहासकाराने एक प्रश्न विचारला पाहिजे : जे राज्यसंस्थेने पुरवावयाचे ते गृहिणीच्या रात्रींतून का उभे करावे लागले? भेटीने उणीव उघड केली. भरून काढणे तिच्या आवाक्यातले नव्हते.

७

विणलेल्या भेटीचा अर्थ दोन साहित्यकृतींनी सर्वांत खोलवर जाऊन पाहिला आहे. पहिली म्हणजे सिंजची 'रायडर्स टू द सी' (१९०४) ही एकांकिका. आयर्लंडच्या पश्चिमेकडील बेटावर एक म्हातारी आई, एकेक करून समुद्राने गिळलेले तिचे मुलगे, आणि दोन मुली. दूर उत्तरेला सापडलेल्या एका प्रेताचे कपडे गाठोड्यात बांधून आले आहेत. तो मायकेल आहे की नाही? सदऱ्यावरून निश्चित सांगता येत नाही, कारण तसले कापड पुष्कळांच्या अंगावर असते. मग धाकटी बहीण मोज्याचे टाके मोजते. तिने साठ टाके घातले होते आणि चार सोडले होते. मोजणी जुळते, आणि भाऊ मेला हे सिद्ध होते.

नाटकातला हा प्रसंग पुढे बाजाराने बदलून टाकला. आयरिश बेटांवरील प्रत्येक घराण्याची स्वेटरवरची नक्षी वेगळी असे, आणि तीवरून बुडालेल्याची ओळख पटे, ही कथा विसाव्या शतकात विक्रेत्यांनी आणि पर्यटनाने पसरवली. तिला ऐतिहासिक आधार नाही. सिंजच्या नाटकात घराण्याची नक्षी नाहीच. आहे तो एक साधा मोजा आणि एका मुलीला आठवणारे तिचे चार टाके. बाजाराला कुळाचे चिन्ह हवे होते. नाटककाराला विणणारीची स्मृती पुरेशी होती. भावासाठी विणताना केलेली मोजणी तिच्या बोटांत राहिली आहे, आणि तीच आता साक्ष देते. श्रमाची नोंद कोठे राहते, या प्रश्नाचे इतके भेदक उत्तर अन्यत्र सापडणे कठीण.

दुसरी कृती व्हर्जिनिया वुल्फची 'टू द लाइटहाउस' (१९२७). मिसेस रॅम्झे दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी तपकिरी मोजा विणीत आहेत. माप घेण्यासाठी त्या तो आपल्या लहान मुलाच्या, जेम्सच्या, पायाला लावून पाहतात. तो चुळबुळ करतो. मोजा आखूड भरतो. पहिल्या भागाच्या अखेरीस त्या मोजा गुडघ्यावर सपाट करतात आणि तो पुरा होणार नाही असे सांगतात. दुसऱ्या भागात त्यांचा मृत्यू एका कंसात येऊन जातो. तिसऱ्या भागात, दहा वर्षांनी, कुटुंब अखेर दीपगृहाकडे निघते तेव्हा मुलीला प्रश्न पडतो की, तेथे पाठवायचे तरी काय? घरात ते कोणालाच ठाऊक नाही. ज्या बाईला ते ठाऊक होते तिचे ज्ञान नोंदले गेलेलेच नव्हते. कोणाला काय हवे, कोणाचा पाय केवढा, कोणाला थंडी बाधते, हे सगळे एका मनात साठवलेले असते. ते मन गेले की कुटुंब अचानक परके होते. अपुरा मोजा हे त्या रिकाम्या जागेचे माप आहे.

८

भारतीय साहित्यात सुयांच्या विणकामाला रूपकाची परंपरा नाही. माग आहे तो कबीराचा, सुई-दोरा आहे तो नामदेव शिंप्याचा. लोकरीच्या सुया मिशनऱ्यांबरोबर, छावण्यांबरोबर आणि थंड हवेच्या ठाण्यांबरोबर आल्या. हिमालयातील लाहौल खोऱ्यात मोरावियन मिशनच्या लोकांनी १८५०च्या दशकात केलांगला ठाणे केले. हायडे दांपत्याच्या तेथील वास्तव्यात स्थानिक स्त्रियांना विणकाम शिकवले गेले. त्या मोज्या-हातमोज्यांना २०२१ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. परकी कला पाऊणदोनशे वर्षांत भूमीची ओळख झाली. महाराष्ट्रात मुलींच्या शाळांनी आणि पुण्याच्या सेवासदनसारख्या (१९०९) संस्थांनी शिवण-विणीच्या शिक्षणाला स्थान दिले, आणि मराठी घरात विणलेल्या लोकरीला तिची खास जागा सापडली, ती बाळंतविड्यात. झबली, दुपटी यांच्याबरोबर लोकरीचे टोपरे, मोजे, इवलासा स्वेटर. आजी, मावशी, आत्या ते विणतात. ज्या देहाचे माप अजून जगात आलेलेच नाही त्याच्यासाठी अंदाजाने टाके घालायचे, हे यातले नवल.

परंतु भारतीय इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध विणलेली भेट वेगळी आहे. २० नोव्हेंबर १९४७ रोजी इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचा विवाह झाला. गांधीजींजवळ देण्यासारखे काय असणार? माऊंटबॅटन यांच्या सूचनेवरून त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची क्रोशाची जाळीदार चौकोनी विणकृती पाठवली. तिच्या मध्यभागी 'जय हिंद' ही अक्षरे होती. भेटींच्या प्रदर्शनात ती पाहून वृद्ध राणी मेरी यांना ते गांधींचे कटिवस्त्रच वाटले आणि त्या संतापल्या, असे माऊंटबॅटन यांच्या कन्येने सांगितले आहे. तेहतीस वर्षांपूर्वी लक्षावधी हातांना विणायला लावणाऱ्या याच राणी मेरी. ती विणकृती ब्रिटिश राजसंग्रहात आजही आहे. सूत गांधीजींचे हे सर्वांना माहीत आहे. विणले ते एका पंजाबी मुलीने. गांधीजींनी स्वतः तसे नमूद केले होते. या भेटीच्या प्रचलित हकिकतीत मात्र तिचे नाव येत नाही. फाळणीच्या त्या वर्षी पंजाबी असणे म्हणजे काय होते, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

आता यंत्रावरचा स्वेटर पुष्कळदा लोकरीच्या गुंड्यांपेक्षाही स्वस्त मिळतो. हाताने विणणे हा व्यवहार म्हणून तोट्याचा आहे, आणि म्हणूनच जी विणते ती निव्वळ वेळ देते. या वेळेला 'अमोल' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. अमोल या शब्दाने गौरव होतो आणि हिशेबही टळतो. शेटलंडच्या साक्षीदारांनी, मेरी मॅकार्थर यांनी आणि साठ टाके आठवणाऱ्या त्या नाटकातल्या मुलीने हिशेब मागितला, म्हणून भेटीचे मोल कमी झाले नाही. उलट त्यांच्यामुळेच ते आपल्याला कळते.

संग्रहालयांच्या नोंदवह्यांत विणलेल्या वस्तूंपुढे साल असते, प्रदेश असतो, धाग्याचा प्रकार असतो. विणणारीच्या रकान्यात बहुधा 'अज्ञात' असे लिहिलेले असते. घरांतील पेट्यांत अजून ज्या वस्तू उरल्या आहेत त्यांच्याबाबतीत तरी हा रकाना भरता येण्यासारखा आहे. कोणी विणले, कोणासाठी, कोणत्या सणाला, किती रात्री लागल्या, एवढे विचारून ठेवले तर पुष्कळ होईल. विचारण्यासारखी माणसे अद्याप आपल्यात आहेत.